अर्ध्या गालाचा साबण

माणूस समोर आला की कुणी त्याच्या डोळ्यांकडे बघतं, कुणी पायातल्या चपलांकडे. अनसिंगचे माझे घरमालक थेट हनुवटीकडे बघत. जनावरांच्या दवाखान्यात बदली होऊन मी त्या गावात आलो आणि खोली शोधत त्यांच्या फाटकाशी उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझं गाव विचारलं नाही, आडनावसुद्धा विचारलं नाही. जवळ आले, मान वाकडी केली आणि माझा गाल असा निरखू लागले की मला वाटलं, तोंडाला काहीतरी लागलंय.

"रोज करता का?"

"काय?"

"दाढी."

"एक दिवसाआड करतो," मी म्हणालो.

"माह्या घरात राहाचं असन त रोज करा लागन. खुटं चालत नाहीत अठी. बाकी तुमाले काय कराचं ते करा."

मी हसलो. ते हसले नाहीत. मागे ओसरीत त्यांची बायको सांबार निवडत बसली होती. कोथिंबिरीला तिकडे सांबार म्हणतात हे मला तोवर माहीत नव्हतं. ती म्हणाली, "हो म्हना, डॉक्टरसाहेब. हो म्हटलं की झालं." तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, विनवणी होती. मी हो म्हणालो.

घरमालकांना सगळं गाव काकाजी म्हणे. उंच, काटक, मिशी पांढरी, आणि गाल मात्र लहान मुलासारखे तुळतुळीत. मळा गावाला लागूनच. वांगी, टमाटे, मेथी, सांबार, जे पिकेल ते रोज सकाळी वाशीमच्या बाजारात जायचं. पण मळ्याचं काम सुरू होण्याआधी एक काम असे. अंगणातल्या खांबाला आरसा टांगलेला होता. त्याच्यासमोर ते पाट घेऊन बसत. पितळेच्या वाटीत तळाशी गोल साबणाची वडी, जाड ब्रश, तुरटीचा खडा आणि वस्तरा. ब्लेड बदलायचा नव्हे, जुना, घडीचा, मुठीला बोटांचे वळ पडलेला वस्तरा. तो ते चामड्याच्या पट्ट्यावर ओढत. सट्, सट्, सट्. माझी खिडकी त्या आवाजाने उघडत असे, आणि कितीही सवय झाली तरी पहिल्या आवाजाला माझा हात आपोआप गळ्याकडे जात असे.

पाण्याचंही वेगळंच. घरात बोअरचं पाणी होतं, पण त्याला साबणाचा फेस धरत नाही, दह्यासारखा फाटतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दाढीपुरता तांब्या मळ्यातल्या विहिरीवरून यायचा.

पहिल्याच आठवड्यात माझी क्रीमची ट्यूब त्यांच्या नजरेला पडली. मी मोरीच्या कट्ट्यावर विसरलो होतो. बाहेर आलो तर ते स्वयंपाकघरातला चिमटा घेऊन उभे. चिमट्यात माझी ट्यूब. एक हात लांब धरून, दुसऱ्याने धोतर सावरत, ते ती कुंपणाच्या भिंतीवर ठेवून आले आणि चिमटा राखेने घासला.

"काकाजी, क्रीम आहे ती. साबणाचीच बहीण."

"माहीत हाये मले काय हाये ते. हे घरात नोको. दवाखान्यात ठेवा तुमच्या."

"पण बोटभर घेतली की झालं. वेळ वाचतो."

"तेच तं," ते म्हणाले. "साबन मेहनत मांगते. वाटीत फिरवा, गालावर फिरवा, पानी कमी झालं त वाळते, जास्त झालं त वाहते. मानूस जागा राह्यते. क्रीम बिनमेहनतीचं हासते. बिनमेहनतीचं हासनाऱ्याचा मले भेव लागते."

भेव म्हणजे भीती. हा शब्द त्या घरात मिठासारखा वापरला जाई. काकाजींना वेळीअवेळी वाजलेल्या फोनचा भेव होता, वायर लोंबत असलेल्या खांबाचा होता, दारात आलेल्या दाढीवाल्या गोसाव्याचा होता. त्याला ते पीठ घालत, पण सूप लांबून सरकवून. फोन वाजला की उचलण्याआधी ते हनुवटीवरून हात फिरवत. गुळगुळीत लागली तरच उचलत. नाहीतर बायकोला, काकूंना, हाक मारत.

चहाच्या टपरीवर लोक त्यांची टिंगल करत. श्रावणात अख्खं गाव दाढी वाढवायचं, हे एकटे चकचकीत. शनिवार पाळत नसत, अमावस्या पाळत नसत. "काकाजी, यमाच्या घरी पोरगी पाहाले चालले का?" असं एकाने विचारलं, तेव्हा बाकीचे हसले आणि काकाजी पांढरे पडले. चहाचा अर्धा कप तसाच ठेवून निघून गेले. मी तेव्हा तिथे होतो. ते रागावले असते तर मी विसरून गेलो असतो. पण ते घाबरले होते, आणि म्हातारा माणूस भर बाजारात असा घाबरलेला बघणं बरं नसतं.

त्या पावसाळ्यात मला तापाने धरलं. दवाखाना बंद, खोलीत पडून. दाढीकडे कोण बघतो? एका दुपारी ग्लानीतून डोळे उघडले तर खाटेशेजारी काकाजी. खांद्यावर टॉवेल, एका हातात वाटी, दुसऱ्यात उघडा वस्तरा.

"उठू नोका," ते म्हणाले. "पडल्या पडल्या होईन."

मी नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर ब्रश फिरायला लागला होता. कोमट फेस, चंदनाचा वास. मग त्यांनी माझी हनुवटी वर उचलली आणि वस्तरा गळ्याला लावला. त्यांचा हात थरथरत होता. धार कातडीवर टेकायची आणि किंचित हलायची. मी रोज जनावरांना सुया टोचणारा माणूस, रक्ताची मला सवय, पण त्या क्षणी माझ्या घशाशी आलेली थुंकी मी गिळलीसुद्धा नाही. गिळली तर गळा हलेल. मी डोळे वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि मग समजलं की हात वयाने थरथरत नव्हता. त्यांच्या कपाळावर घाम होता. ओठ हलत होते. माझ्या गळ्यावर वस्तरा होता आणि आम्हा दोघांत जास्त घाबरलेले ते होते.

दुसरा गाल झाला तेव्हा त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की टॉवेलचं टोक उडालं. "आता काही होत नाही," ते म्हणाले. स्वतःलाच म्हणाले.

संध्याकाळी काकू पेज घेऊन आल्या. मी त्यांना विचारलं. त्या दाराशी टेकून बसल्या.

"या घरात एका साली लय मरनं झाले," त्या म्हणाल्या. "आदी सासरे गेले. सुतकात दाढी करत नाहीत, तुमाले ठावं हाये. ती दाढी उतरवाचा दिवस आला नाही, तं आमची पोरगी गेली. लहान होती. आमच्या पोराच्या, मंगेशाच्या आदीची. पुन्हा सुतक. त्याच दाढीवर दाढी. अन् मंग याइचा मोठा भाऊ. पोटाचं आपरेशन होतं. नागपुरात. तठी याइच्या डोयादेखत वार्डातल्या मानसानं ट्यूब दाबली, भावाच्या पोटाले फेस लावला, अन् केस काढले. भाऊ हासत आत गेला, म्हने गुदगुल्या होतेत. बाहीर आला तं चादर तोंडावर."

"तवापासून असं हाये. खुटं दिसले की याइले वाटते, आलं कोनी तरी न्याले. अन् ट्यूब दिसली की..."

मी बरा झाल्यावर स्वतःहून वाशीमहून साबणाची वाटी आणली. सुरुवातीला फेस जमेना, गालावर वाळायचा आणि कातडी सोलल्यासारखी दाढी व्हायची. काकाजी खांबाजवळून ओरडून सांगत, "ब्रश झटका आदी! पानी लय झालं!" हळूहळू जमलं. साबणाच्या फेसाला एक घट्ट, थंड धीर असतो हे मला त्यांच्यामुळे कळलं. पण मला तो धीर मिळत होता, त्यांना कधी मिळाला नाही.

कारण मंगेशने दाढी ठेवली होती.

मंगेश त्यांचा एकुलता एक मुलगा. मळ्याचा माल तोच मोटरसायकलवर वाशीमला नेई. पंचविशीच्या आसपासचा, हसरा, मोबाईलवर हवामान बघून बापाला पेरणी सांगणारा. त्याच्या वयाच्या सगळ्या पोरांची असते तशी कातरून नीट ठेवलेली काळी दाढी. त्याला ती शोभायची. बापाला मात्र पोराच्या तोंडाकडे बघवत नसे. जेवताना ते ताटाकडे बघून त्याच्याशी बोलत.

एका रविवारी त्या दोघांचं माझ्यासमोरच जुंपलं. काकाजी वाटी पुढे करून उभे होते.

"एकडाव काढून टाक, बाप्पा. मंग जे कराचं ते कर."

"बाबा, सारं जग दाढी ठेवून राह्यलं. कोनाच्या घरी मैत झाली?"

"जगाचं मले सांगू नोको."

मंगेश थोडा वेळ वाटीकडे बघत राहिला. त्याला बापाची दया येत होती, ते मला दिसत होतं. "बरं," तो म्हणाला. "काढतो. रोज काढतो. पन माह्या चामडीले तुमचा साबन आग करते. लाल फोड येतेत. मी क्रीमनं करीन. दवाखान्यात, डॉक्टरसायबाच्या खोलीत करीन. तुमाले ट्यूब दिसनारबी नाही."

एवढं सोपं होतं. मी काकाजींकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर दोन भीती एकमेकींशी झगडत होत्या. दाढीची आणि ट्यूबची. पोराच्या गालावर केस नकोत, आणि त्या गालाला क्रीमही लागायला नको. वाटीतला फेस खाली बसला.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "क्रीम नाही."

"मंग दाढी राहीन," मंगेश म्हणाला, आणि गाडीला किक मारून मळ्यात गेला.

त्यानंतर थंडी सुरू झाली. धुकं पडायचं. त्या सकाळी मंगेश वांग्यांची आणि सांबाराची पोती लादून वाशीमच्या रस्त्याला लागला. काकाजी आरशासमोर बसले. मी दात घासत होतो. त्यांचा उजवा गाल झाला होता, डाव्यावर फेस होता, आणि फोन वाजला.

त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला. अर्धी गुळगुळीत, अर्धी साबणाची. त्यांनी फोन उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला आणि पुन्हा वाजला. मी जाऊन उचलला.

रस्त्यात रोही आडवा आला होता. रोही म्हणजे नीलगाय. त्या भागात रोह्यांचे कळप शेतातून रस्त्यावर येतात, धुक्यात दिसत नाहीत. मंगेश त्याच्या अंगावरच गेला. फोन करणारा माणूस म्हणत होता, पोरगा बोलून नाही राह्यला, नाकातून रगत आहे, गाडी बोलावली आहे, तुम्ही या.

वाशीमहून त्याला अकोल्याला हलवलं. मी काकाजी-काकूंना घेऊन जीपने मागे निघालो. काकाजी माझ्या शेजारी, काकू मागे. काकाजींच्या डाव्या गालावरचा साबण वाळून पांढरी पापडी झाली होती. त्यांनी ती पुसली नाही. मी रुमाल पुढे केला तर त्यांनी मान हलवली. मध्येच ते म्हणाले, "अर्धीच झाली, साहेब." पुन्हा थोड्या वेळाने, तोच आवाज, "अर्धीच झाली."

अकोल्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाजूला घेतलं. डोक्यात रक्त साकळलं होतं. डोकं ताबडतोब उघडावं लागणार होतं. "केस काढतील, मग आत घेतो. सही करा," त्या म्हणाल्या आणि काकाजींच्या गालाकडे चमकून बघून निघून गेल्या. सही काकूंनी केली.

मंगेश स्ट्रेचरवर पडला होता. डोळे मिटलेले, श्वासाचा घरघर आवाज. दवाखान्यातला न्हावी आला. त्याच्या हातात मशीन, वस्तरा आणि ट्यूब होती. त्याने मशीनने केस बारीक केले आणि ट्यूबचं झाकण फिरवलं.

काकाजी स्ट्रेचर आणि न्हावी यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

"ट्यूब नाही. साबन आना."

"काकाजी, अठी साबन नसते. सरका, घाई हाये."

"बाप जित्ता असताना पोराचं डोकं भादरत नाहीत. अन् तेबी ट्यूबनं. मी नाही लावू देनार."

न्हाव्याने माझ्याकडे पाहिलं. आतून कुणीतरी ओरडलं, "झालं का?" मी काकाजींचा दंड धरला. तो लाकडासारखा झाला होता. मी म्हणालो, "काकाजी, वेळ जातोय." त्यांना ऐकू गेलं नाही. ते मंगेशकडे बघत नव्हते, त्या ट्यूबकडे बघत होते, आणि मला खात्री आहे की त्यांना तिथे नागपूरचा वॉर्ड दिसत होता. मला त्या क्षणी त्यांची भीती वाटली. वस्तऱ्याखाली वाटली होती त्याहून जास्त. कारण हा माणूस पोराच्या प्रेमापोटी पोराला तिथे मरू देणार होता, आणि त्याला ढकलून बाजूला करायचं बळ माझ्यात नव्हतं.

"सरका," काकू म्हणाल्या.

तो आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. त्यांनी न्हाव्याच्या हातून ट्यूब घेतली.

"तुमचा भेव तुमच्यापाशी ठेवा. लय वर्सं सांभायला म्या. आज पोरगं सांभायते. सरका म्हनते ना!"

काकाजी सरकले. काकूंनी तळहातावर क्रीम घेतली, पाणी घातलं आणि मंगेशच्या डोक्यावर लावली, लहानपणी न्हाऊ घालताना लावत असतील तशी, कानामागे बोट फिरवून. नर्स म्हणाली, नळी घालून चिकटपट्टी लावायची आहे, दाढीही काढा. काकूंनी गालांनाही लावली. न्हाव्याने वस्तरा उचलला, पण मंगेशची मान श्वासागणिक एका बाजूला कलत होती.

तेव्हा काकाजी पुढे आले. त्यांनी पोराचं डोकं दोन्ही तळहातांत धरलं. क्रीम त्यांच्या बोटांना लागली, मनगटाला लागली. डोकं जराही हललं नाही. दाढी गेली तेव्हा खाली मंगेशचा चेहरा एकदम कोवळा, शाळकरी दिसला. त्याला आत नेलं आणि दार बंद झालं.

न्हावी सामान गोळा करत होता. काकाजी बाकावर बसले आणि म्हणाले, "आता माही करा."

"काकाजी, मी पेशंटचीच करतो."

"डोक्सं, दाढी, मिशी. सारं. त्याच ट्यूबनं."

न्हावी चपापला. "मिशी? कोन गेलं तुमचं?"

"मी," काकाजी म्हणाले. "पोराचं डोकं भादरलं म्हंजे बाप गेला. जगाची रीत हाये. आता यमाले या घरातून एक भेटलं. मले मेलेलं दिसू द्या, म्हंजे तो आत पाहाले जानार नाही."

मी काहीतरी समजुतीचं बोलणार होतो. काकूंनी मला डोळ्याने गप्प केलं. न्हाव्याने एकदा बंद दाराकडे बघितलं, आणि मग मुकाट्याने त्यांच्या वाळलेल्या साबणावरच क्रीम चोळली. काकाजींनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. क्रीम गालाला लागली तेव्हा ते असे शहारले की बाक हलला. पण उठले नाहीत. मिशी खाली पडली, पांढरे केस फरशीवर पडले, आणि टपरीवर ज्याची टिंगल होई तो रुबाबदार म्हातारा आमच्या डोळ्यांसमोर कुणी दुसराच होऊन गेला. उघडं डोकं, उघडा वरचा ओठ. ते ओठाला हात लावून बघत राहिले.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, रक्त काढलंय, आता तो जागा होईल तेव्हा खरं. जागा होईल का, हे मी विचारलं नाही. काकाजींनी विचारलं. त्या म्हणाल्या, "बघू या."

ते बघणं बरेच दिवस चाललं. मी ड्युटी सांभाळून जाऊन येऊन होतो. प्रत्येक वेळी जिना चढताना वर काय दिसेल ते माहीत नसे. काकाजी त्याच बाकावर. जेवत नसत, कुणी बोललं तर उत्तर देत नसत. काकू सांगत, "ते म्हनतेत, मेलेला मानूस बोलत नाही." नात्यातले लोक भेटायला येत, भादरलेलं डोकं पाहून बाहेरूनच तोंडाला पदर लावून रडत, आणि काकू त्यांना हाताला धरून सांगत, अजून काही झालं नाही, रडू नोका, अजून काही झालं नाही.

एका दुपारी नर्सने आम्हाला आत बोलावलं. मंगेशने डोळे उघडले होते. नळी काढली होती. एक हात तो हलवू शकत नव्हता, तो पुढे कित्येक महिने तसाच राहिला. तो छताकडे बघत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओळखतो का बघा, हाका मारा. काकूंनी हाक मारली. त्याची नजर छतावरच. मी मारली. काही नाही.

काकाजी पायथ्याशी उभे होते. त्यांनी हाक मारली नाही, नुसते एक पाऊल पुढे आले. मंगेशची नजर हळूहळू खाली उतरली, त्यांच्या चेहऱ्यावर आली आणि थांबली. उघड्या डोक्यावर, नसलेल्या मिशीवर. त्याच्या डोळ्यांत हळूहळू भीती भरली. ओठ हलले, आवाज फुटायला वेळ लागला.

"बाबा," तो म्हणाला. "कोन गेलं?"

डॉक्टरीणबाईंनी हसून माझ्याकडे बघितलं. बोलला, ओळखलं, आणि केस का काढतात हेही त्याला आठवलं. काकूंनी तोंडात पदर कोंबला होता.

काकाजी वाकले. "कोनी नाही रे, बाप्पा," ते म्हणाले. "कोनी नाही गेलं."

आणि मग, ते म्हटलेलं खरं आहे की नाही याची खात्री नसल्यासारखे, ते पटकन मागे वळले आणि त्यांनी काकू जागेवर उभ्या आहेत का ते पाहून घेतलं.